सरकारची वाणी

पेशवाईच्या काळीं दिल्लीच्या दरबारीं हिंगणे घराण्यांतील पुरुष मराठ्यांचे वकील असत. दरबारांत काय शिजत आहे तें न्याहाळावें आणि गुप्तपणें पुण्यास कळवावें, हें त्यांचें काम. वकिलाचें हें काम आजहि सुटलेलें नाहीं. परंतु लोकशाहींत त्यास एक जोड मिळाली. सरकारचें म्हणणें उघडपणें जगास सांगणारा माणूस लागतो. त्यास प्रवक्ता म्हणतात. गुप्तता आणि उघडेपणा यांचा मेळ एकाच व्यक्तीनें कसा घालावा, हें श्रीमती निरुपमा राव यांच्या कारकीर्दीवरून चांगलें समजतें.

त्यांचा जन्म १९५० सालीं आजच्या केरळांतील मलप्पुरम येथें झाला. बंगलोरच्या माउंट कार्मेल कॉलेजांतून त्या पदवीधर झाल्या, आणि इंग्रजी वाङ्मयांतील एम्. ए. ची पदवी त्यांनीं मराठवाडा विद्यापीठाची घेतली. १९७३ सालीं त्या परराष्ट्र सेवेंत शिरल्या. व्हिएन्ना, कोलंबो, वॉशिंग्टन, मॉस्को अशा ठिकाणीं त्यांनीं काम केलें, आणि पेरू देशांत त्या राजदूतहि होत्या. २००१ सालीं परराष्ट्र खात्याच्या प्रवक्तेपदीं त्यांची नेमणूक झाली. त्या जागेवर येणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत.

हें काम वरवर पाहतां सोपें वाटतें. चार वार्ताहर प्रश्न विचारतात, आपण उत्तरें द्यावयाचीं! परंतु उत्तर स्वतःचें नसतें. ज्या त्या देशाचें काम पाहणाऱ्या शाखेकडून माहिती घ्यावयाची, वरिष्ठांची संमति मिळवावयाची, मगच बोलावयाचें. ‘चिंता’, ‘खेद’ आणि ‘निषेध’ हे शब्द घरगुती बोलण्यांत जवळजवळ एकच. परंतु परक्या राजधानींत त्यांचें वजन निरनिराळें होतें. शिवाय खोटें बोलून चालत नाहीं. एकदां विश्वास गेला कीं पुढचें खरेंहि कोणी ऐकत नाहीं. म्हणून सांगतां येईल तेवढें खरें सांगावें, आणि उरलेलें बोलूं नये.

याची कसोटी २००१ च्या जुलै महिन्यांत आग्र्यास लागली. पंतप्रधान वाजपेयी व पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांची बोलणीं चाललीं होतीं. १६ तारखेस सकाळीं मुशर्रफ भारतीय संपादकांशीं जें बोलले तें दूरचित्रवाणीवरून सर्वत्र दिसलें. आपली बाजू मात्र लोकांपुढें वेळेवर आली नाहीं, अशी टीका पुढें पुष्कळ झाली. रात्रीं मसुद्यावर एकमत न होतांच बोलणीं संपलीं. तेव्हां श्रीमती राव यांनीं वार्ताहरांना मोजकेंच सांगितलें : प्रवासास आरंभ झाला आहे, परंतु संयुक्त निवेदनाच्या मुक्कामास आपण पोहोंचलों नाहीं. शब्द सरकारचे होते, आवाज त्यांचा. त्यांत अपयश लपविलेलें नाहीं, आणि दारहि लावून टाकलेलें नाहीं. त्या रात्रीं एखादा झोंबरा शब्द निघता, तर पुढच्या बोलण्यांची वाट अधिकच बिकट झाली असती.

पुढें २००४ सालीं त्या श्रीलंकेंत हायकमिशनर झाल्या व २००६ सालीं चीनमध्यें राजदूत. दोन्हीं ठिकाणीं भारतातर्फें गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. २००९ ते २०११ पर्यंत त्या परराष्ट्र सचिव होत्या. चोकिला अय्यर यांच्यानंतर त्या पदावरील त्या दुसऱ्या स्त्री. नंतर २०१३ पर्यंत त्या अमेरिकेंत राजदूत होत्या. निवृत्तीनंतर, २०२१ सालीं, १९४९ ते १९६२ या काळांतील भारत, तिबेट व चीन यांच्या संबंधांवर त्यांचा ‘द फ्रॅक्चर्ड हिमालय’ हा ग्रंथ निघाला. इतकीं वर्षें सरकारच्या वतीनें बोललेल्या बाई तेथें स्वतःच्या नांवानें बोलल्या.

वर्तमानपत्रांत ‘प्रवक्त्यानें बोलण्यास नकार दिला’ असें वाक्य आपण वाचतों आणि चिडतों. कधीं तो राग योग्यहि असतो, कारण राज्य आपलें आहे व विचारण्याचा अधिकारहि आपला आहे. परंतु रागावण्यापूर्वीं एवढें पाहावें कीं, तें मौन चूक झांकण्यासाठीं आहे, कीं चाललेलें बोलणें मोडूं नये म्हणून आहे. हा विवेक नागरिकांनीं शिकला, तर प्रवक्त्यासहि खरें बोलणें सोपें जाईल.