पटावरील कपट आणि त्याचें शासन

बुद्धिबळाचे सामने आतां इंटरनेटवरही होतात. तेथें पंच समोर नसतो. मग संगणकाचा चोरून सल्ला घेणारा ओळखावा कसा? खेळाडूच्या खेळ्या संगणकाच्या खेळ्यांशीं ताडून पाहतात. साम्य मनुष्याच्या आवांक्याबाहेर गेलें, कीं संशय बळावतो.

सप्टेंबर २०२० मध्यें प्रो चेस लीगचा अंतिम सामना आर्मेनिया ईगल्स संघानें सेंट लुईसविरुद्ध जिंकला. परंतु चेस.कॉम या संस्थेनें ग्रँडमास्टर तिग्रान पेट्रोसियान यांस दोषी ठरवून तेथें आजन्म बंदी केली व विजेतेपद सेंट लुईसला दिलें. पेट्रोसियान यांनीं आरोप नाकारला. ज्यांच्यावर आरोपच नव्हता, त्या सोबत्यांचेंही यश गेलें. शासन इतकें कठोर असतें, म्हणूनच पुरावा चोख हवा. कपटानें डाव नासतो, पण चुकीच्या निवाड्यानें माणसाची अब्रू जाते.