येऊन जाणारे दुखणे

मंडळी, दुखणे आपले आपणच गेले की ते बरे झाले, असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. आज ज्या दुखण्याविषयी सांगावयाचे आहे, त्याच्या बाबतीत मात्र हीच समजूत घात करते.

समजा, लोहाऱ्यातली पंचवीस-सव्वीस वर्षांची एक सून आहे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत ती म्हणू लागते, "एका डोयानं अंधुक दिसते." डोळा फिरवला की आत ठणकतो. लाल साडी त्या डोळ्याला विटकी दिसते. वरून पाहावे तर डोळा स्वच्छ. लाली नाही, चिपड नाही. कुणी थेंब देतो, कुणी चष्मा बदलतो, सासू दृष्ट काढते. महिना-दीड महिन्यात नजर निवळते आणि शेवटचा उपाय ज्याचा, त्याला श्रेय मिळते. पुढल्या वर्षी तिच्या पायांना मुंग्या येतात, कमरेखाली बधिर वाटते, पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखे होते. तेही तीन आठवड्यांत ओसरते. डोळ्याची हकीकत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे राहिली, पायाची हाडांच्या डॉक्टरांकडे. दोन्ही गोष्टी एकत्र ठाऊक असलेले माणूस एकच, ती स्वतः. आणि तिला कुणी तसे विचारीत नाही.

या आजाराचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. थोडक्यात त्याला एम.एस. म्हणतात. नावाचा अर्थ सरळ आहे : अनेक ठिकाणी पडलेले कठीण व्रण. हे व्रण मेंदूत, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत आणि डोळ्यामागच्या मज्जातंतूत पडतात. विहिरीवरच्या मोटारपंपाची वायर पाहा. आतली तार शाबूत आहे, पण वरचे आवरण उंदराने कुरतडले, तर मोटार कधी चालते, कधी अडखळते. आपल्या मज्जातंतूंवरही असे एक स्निग्ध आवरण असते. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच चुकून त्या आवरणावर उलटते. जिथे ते कुरतडले जाते, तिथले काम बिघडते. म्हणून कुणाचा डोळा, कुणाचा पाय, कुणाचा तोल. सूज उतरली, आवरणाची थोडी डागडुजी झाली की काम पुन्हा सुरू होते. व्रण मात्र मागे राहतो. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे तपशीलवार वर्णन केले.

हा थंड देशांतला, गोऱ्या लोकांचा रोग, आपल्याकडे तो नाहीच, असे पुष्कळ वर्षे मानले जाई. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुंबई-पुण्याच्या पारशी समाजाची पाहणी १९९० साली प्रसिद्ध केली, तेव्हा तिथे तो अपेक्षेपेक्षा बराच आढळला. पुढे एम.आर.आय.ची यंत्रे वाढली तसतसा तो सर्वच समाजांत दिसू लागला. युरोपइतका तो आपल्याकडे नाही, हे खरे. पण विरळ आहे म्हणून शंकाही घेऊ नये, हे काही बरोबर नव्हे.

बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान तो सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीहून अधिक. वर सांगितलेल्या खुणांखेरीज आणखीही आहेत. एकाचे दोन दिसणे. मान खाली वाकवताच पाठीतून विजेचा झटका उतरल्यासारखे वाटणे. लघवीची अनावर घाई. थोडे चालताच एक पाय जड होऊन फरफटणे. एक खूण तर आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्याने फारच ठळक व्हावी : कढत पाण्याने अंघोळ केली, उन्हात काम केले की त्रास वाढतो आणि अंग गार झाले की उतरतो. आणि थकवा! हा या आजाराचा सर्वांत बदनाम भाग. ताप नाही, जखम नाही, आणि बाई म्हणते हात उचलत नाही. मग घरातले म्हणतात, सोंग करते. ते सोंग नव्हे.

मात्र पायाला मुंग्या आल्या की हाच आजार, असेही घेऊ नका. मधुमेह, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, ही कारणे जास्त आढळतात. कातडीवर बधिर चट्टा असेल तर आधी कुष्ठरोगाची तपासणी करावी. तोंड वाकडे होऊन हातपाय काही मिनिटांतच लुळे पडले, किंवा फवारणीनंतर नजर धूसर झाली, तर दवाखाना त्याच क्षणी गाठावा. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्याने फवारणीच्या विषबाधेत माणसे गमावली आहेत. एम.एस.चा झटका असा मिनिटांत येत नाही. तो काही तासांत, दिवसांत चढतो, चोवीस तासांहून अधिक टिकतो, आठवडे राहतो आणि मग उतरतो.

गुरुजी, इथे तुमचे काम आहे. गावात तारीख टाकून लिहिण्याची सवय कुणाला असेल तर ती तुम्हाला. कुणी तरुण माणूस अशी तक्रार सांगू लागले, तर मागच्या दोन-तीन वर्षांत आणखी काय येऊन गेले ते विचारा आणि एका वहीत लिहून द्या : काय झाले, कोणत्या बाजूला, किती दिवस टिकले. डॉक्टरही हेच शोधतात. वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी झालेली इजा. लोहाऱ्याला यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. तिथे ही वही दाखवावी आणि मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठविण्याविषयी विचारावे. एम.आर.आय.त व्रण दिसतात. कधी पाठीतले पाणीही तपासावे लागते.

आजार समूळ जात नाही. पण १९९३ पासून झटके कमी करणारी औषधे मिळू लागली, आणि ती येण्या-जाण्याच्या पहिल्या काळातच अधिक उपयोगी पडतात. पुढे झीज साचत गेली की तेवढा गुण येत नाही. हा रोग स्पर्शाने लागत नाही. मुलेबाळे होण्यास तो आड येत नाही. फक्त औषधे चालू असताना आधी डॉक्टरांना विचारावे. त्यापायी सुनेला माहेरी धाडण्याचे काहीएक कारण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचे नाव आहे, त्यामुळे अपंगत्व ठरावीक प्रमाणात असल्यास प्रमाणपत्र मिळू शकते. मुंबईत १९८५ साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना मार्गदर्शन करते.

दवाखान्यात जाताना वहीबरोबर जुने कागदही न्या. डोळा अंधुक झाला तेव्हाची चष्म्याची चिठ्ठीसुद्धा. तिच्यावर तारीख असते.