चार तासांत न दिसणारे व्हेनिस

मराठी स्त्रियांच्या जुन्या दागिन्यांमध्ये पुतळ्यांच्या माळेला मोठा मान होता. आजही सराफाकडे ती मिळते. पण माळेतील ती गोल, पातळ, सोन्याची पुतळी मुळात कुठली, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. ती व्हेनिसची. १२८४ पासून १७९७ पर्यंत, म्हणजे पाच शतकांहून अधिक काळ, व्हेनिसच्या टाकसाळीत सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे एक नाणे पाडले जात होते. त्याच्या एका बाजूला शहराचे आराध्य संत मार्क आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा सत्ताधीश, म्हणजे 'दोजे', अशा दोन आकृती असत. पूर्वेच्या व्यापारातून हे नाणे आपल्या किनाऱ्याला आले, त्यावरील आकृतींमुळे त्याला 'पुतळी' म्हणू लागले आणि व्यवहारातून ते हळूहळू गळ्यात गेले. इतक्या दुरून आपल्या घरात येऊन राहिलेल्या या शहराची आपली ओळख मात्र गोंडोला आणि मधुचंद्र यांच्यापलीकडे सहसा जात नाही.

युरोपच्या सहलीत व्हेनिसच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. सकाळी बोटीने सान मार्कोच्या चौकाजवळ उतरायचे, चर्चसमोर छायाचित्रे काढायची, काचेच्या वस्तूंचे दुकान पाहायचे, गोंडोलात अर्धा तास बसायचे आणि सायंकाळपूर्वी परतायचे. नेमक्या अशाच पाहुण्याचे या शहराला ओझे झाले आहे. १९५१ मध्ये बेटांवरच्या जुन्या शहरात सुमारे १ लाख ७५ हजार लोक राहत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली गेला. रिआल्तोजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८ मध्ये रहिवाशांची संख्या दाखविणारा फलक लावण्यात आला, तेव्हापासून तो आकडा उतरतोच आहे. घरे पर्यटकांना भाड्याने देण्यात अधिक पैसा आहे. मग वाणी, न्हावी, शाळा यांचे जे व्हायचे तेच होते.

यावर उपाय म्हणून २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात झाली. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते, २०२५ मध्ये ते ५४ झाले आणि ऐनवेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी शुल्क दहा युरो करण्यात आले. रात्री मुक्काम करणाऱ्याला हे शुल्क नाही. मात्र आपण त्यातून मुक्त असल्याची नोंद त्याने आधी संगणकावर करायची असते. पाच युरोंनी गर्दी हटेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. पण मुक्काम करणारा आणि उडत येणारा यांत शहर भेद करते, ही गोष्ट प्रवासाचा बेत आखणाऱ्याने ध्यानात घ्यावी. शक्य असेल तर दोन रात्री, आणि त्याही बेटांवरच, काढाव्यात. मुख्य भूमीवरील मेस्त्रे या उपनगरात हॉटेले स्वस्त आहेत आणि तेथून रेल्वेने दहाएक मिनिटांत शहरात येता येते, हे खरे. परंतु व्हेनिस ज्या वेळी खरोखर आपले वाटते, ती पहाट आणि ती रात्र त्या बचतीत निघून जाते.

चिखलावर उभे राहिलेले दगड

पाहायचे काय, यापूर्वी हे शहर उभे कसे आहे ते समजून घेतले तर पुढचे सारे निराळे दिसते. आद्रियातिक समुद्रापासून वाळूच्या लांबट पट्ट्यांनी तोडलेले एक उथळ खारे पाणी आहे. आपल्या कोकणातील खाजणाची आठवण व्हावी असे, पण अवाढव्य. त्या पाण्यातील शंभराहून अधिक लहान बेटांवर हे शहर वसले. कालवे बव्हंशी खोदलेले नाहीत. ते बेटांमधले मूळ ओहोळच आहेत, बांधून काढलेले. चिखलात लाकडी खांब अगदी लागून लागून ठोकले. चिखलाच्या आत हवा नाही, म्हणून लाकूड कुजत नाही. त्यांवर फळ्या, फळ्यांवर इस्त्रिया प्रांतातून आणलेला पांढरा, पाणी न शोषणारा दगड, आणि त्यावर विटांच्या भिंती. ग्रँड कॅनॉलच्या मुखाशी असलेल्या सालूतेच्या चर्चखाली असे दहा लाखांहून अधिक खांब असल्याचे सांगतात. पाणी त्या पांढऱ्या दगडाच्या पातळीखाली आहे तोवर सारे ठीक. ते वर चढून विटांना लागले की मीठ भिंतीत शिरते आणि वीट आतून भुसभुशीत होऊ लागते. कोणत्याही लहान कालव्याच्या पुलावर उभे राहून समोरची भिंत पाहावी. हा सगळा इतिहास तिथे हिरव्या शेवाळ्याच्या रेषेत आणि गळून पडलेल्या गिलाव्यात वाचता येतो.

याहून नवलाची गोष्ट पिण्याच्या पाण्याची. चोहीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, अशी या शहराची अवस्था होती. म्हणून प्रत्येक चौकाखाली चिकणमातीने लिंपलेला मोठा खड्डा करून त्यात वाळू भरत आणि मधोमध विटांची विहीर बांधत. चौकाची फरशी किंचित उतरती ठेवून पावसाचे पाणी कडेच्या छिद्रांतून वाळूत सोडायचे. ते गाळून विहिरीत येई. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळाचे पाणी आले आणि विहिरींवर झाकणे बसली. पण त्यांचे कोरीव दगडी कठडे आजही चौकाचौकांत आहेत. मुले त्यांच्याभोवती चेंडू खेळतात, प्रवासी त्यांवर पिशव्या ठेवतात. पाऊस साठवण्याची ही योजना केवळ या कठड्यांसाठी नव्हे, तर पायांखालच्या फरशीचा उतार पाहण्यासाठीही थांबून न्याहाळावी.

पायी चालणे आणि पाण्यावरून जाणे

शहराचे सहा विभाग आहेत, त्यांना 'सेस्तिएरे' म्हणतात. आपल्या पेठाच म्हणा ना. घरांना गल्लीवार नव्हे तर पेठवार क्रमांक दिलेले असून ते हजारांत जातात, त्यामुळे पत्ता शोधणे हे स्थानिकांनाही सोपे नाही. येथे 'पियाझ्झा' म्हणवून घेण्याचा मान केवळ सान मार्कोच्या चौकाला. बाकी सारे चौक 'काम्पो', म्हणजे शेत, कारण एके काळी तेथे गवतच असे. तसेच कालव्यांचे. दोन-तीन मोठे प्रवाह सोडले तर लहान कालव्याला 'रिओ' म्हणायचे. चारशेहून अधिक पूल, आणि त्यांतील बहुतेकांना पायऱ्या! चाकांची जड पेटी घेऊन येणाऱ्याची, त्याहून अधिक गुडघे दुखणाऱ्यांची, येथे कसोटी असते. ज्येष्ठांना बरोबर नेणाऱ्यांनी राहण्याची जागा जलबसच्या थांब्यालगतच निवडावी.

ही जलबस म्हणजे 'व्हापोरेतो'. तिचे ७५ मिनिटांचे तिकीट साडेनऊ युरोंच्या घरात असल्यामुळे दिवसभराचा किंवा दोन-तीन दिवसांचा पास घेणे शहाणपणाचे. रेल्वेस्थानकापासून क्रमांक १ ची बोट पकडावी. सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीच्या, उलट्या इंग्रजी 'एस'सारख्या ग्रँड कॅनॉलमधून ती प्रत्येक थांबा घेत जाते. व्यापाऱ्यांच्या हवेल्यांची दर्शनी बाजू पाण्याकडे असल्याने हे शहर पाण्यावरूनच पाहायचे, हे तेव्हा पटते. याच तीरावरील एका प्रासादात १८८३ मध्ये संगीतकार वाग्नर यांचे निधन झाले. वाटेत १५९१ मध्ये पुरा झालेला रिआल्तोचा दगडी पूल लागतो. त्याच्या पायथ्याशी मासळीबाजार आहे. तो सकाळीच पाहावा, रविवार-सोमवार सोडून.

गोंडोलाविषयी बोलावेच लागेल. तिचे अधिकृत दर नगरपालिका ठरवते. २०२३ अखेरच्या वाढीनंतर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ११० युरो, तेही माणशी नव्हे, संपूर्ण नावेचे. हा खर्च करावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र ही अकरा मीटर लांबीची काळी नाव मुद्दाम वाकडी बांधलेली असते, हे पाहायला पैसे पडत नाहीत. नावाडी मागे उभा राहून एकाच वल्ह्याने, उजव्या बाजूने वल्हवतो. नाव गोल फिरू नये म्हणून तिची डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे २४ सेंटिमीटर रुंद ठेवतात. दोर्सोदुरो भागात सान त्रोव्हाझोच्या कालव्यापलीकडे उभे राहिले की गोंडोला दुरुस्त करणारा जुना कारखाना समोर दिसतो. आणि केवळ बसल्याचे समाधान हवे असेल, तर ग्रँड कॅनॉल ओलांडून देणारी 'त्रागेत्तो' ही तरीची नाव काही ठिकाणी आहे. भाडे दोन युरो, प्रवास दोन मिनिटांचा.

पाहण्यासारखे, पण सारेच नव्हे

सान मार्कोचे चर्च आणि दोजेचा प्रासाद टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत; फक्त तिकीट आधी काढून सकाळी अगदी लवकर जावे. चर्चच्या आतील सोनेरी कुट्टिमचित्रे हजारो चौरस मीटर पसरलेली आहेत. दारावरचे चार कांस्याचे घोडे १२०४ च्या लुटीत कॉन्स्टॅन्टिनोपलहून आणलेले. बाहेर दिसतात त्या प्रतिकृती, खरे आत वस्तुसंग्रहालयात आहेत. चौकातील उंच मनोरा १४ जुलै १९०२ रोजी कोसळला आणि १९१२ मध्ये होता तसाच पुन्हा उभारला गेला. प्रासादातील महासभेचे दालन एकाही खांबावाचून उभे आहे. दोजे वंशपरंपरेने नव्हे, तर चिठ्ठ्या आणि मतदान यांच्या आलटून-पालटून होणाऱ्या फेऱ्यांनी निवडला जाई. एका घराण्याच्या हाती सत्ता जाऊ नये म्हणून योजलेली ही पद्धत समजून घेतल्यावर त्या दालनाचा आकार अधिक बोलका होतो.

चित्रकलेची आवड असलेल्याने एवढे करून सान रोक्कोच्या सभागृहात जावे. तिंतोरेत्तोने वीसहून अधिक वर्षे खपून त्याच्या भिंती आणि छत रंगवले. मान अवघडू नये म्हणून छत पाहण्यासाठी हातात आरसे देतात. शेजारच्या फ्रारी चर्चमध्ये तित्सियानचे १५१८ मधील भव्य चित्र ज्या वेदीसाठी काढले तिच्यावरच आहे.

कान्नारेजिओ भागात मात्र अवश्य जावे. १५१६ मध्ये ज्यूंना एका लहान बेटावर राहण्याची सक्ती करण्यात आली आणि रात्री तेथील दारे बंद होऊ लागली. त्या जागेचे नाव 'घेट्टो'; जगभरच्या भाषांत गेलेला शब्द येथला. जागा वाढवता येईना म्हणून मजले वाढले. शहरातील सर्वांत उंच जुनी घरे याच चौकाभोवती आहेत. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ती दारे काढून टाकली. कोविडकाळात आपल्या तोंडी बसलेला 'क्वारंटाइन' हा शब्दही व्हेनिसच्या बोलीतला, चाळीस दिवस या अर्थाचा. १६३० च्या प्लेगात सुमारे एक तृतीयांश शहर मृत्युमुखी पडले. त्याच नवसाचे सालूते हे चर्च. दरवर्षी २१ नोव्हेंबरला कालव्यावर तात्पुरता पूल बांधून लोक तेथे मेणबत्ती लावायला जातात. हा सण पर्यटकांसाठी नाही, रहिवाशांचा आहे. योग जुळला तर कडेला उभे राहून पाहावा.

लिदो या बेटावर १९३२ पासून चित्रपट महोत्सव भरतो. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'ला १९५७ मध्ये सुवर्णसिंह मिळाला तो येथे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ मध्ये आणि 'द डिसायपल'ला २०२० मध्ये पुरस्कार मिळाले तेही येथेच. मुरानो बेटावर १२९१ मध्ये आगीच्या भीतीने काचेच्या भट्ट्या हलविण्यात आल्या. तिथे खरेदीची घाई करू नये, कारण शहरातील बरीचशी स्वस्त काच तेथील नसते. एकच बेट निवडायचे झाल्यास मी तोर्चेल्लो निवडेन. कधी काळी व्हेनिसहून मोठे असलेले ते गाव आज जवळजवळ निर्मनुष्य आहे. सातव्या शतकात स्थापन झालेले चर्च आणि त्यातील अंतिम न्यायाचे कुट्टिमचित्र तेवढे उरले आहे. जवळचा प्रवाह गाळाने भरला, हिवताप आला आणि माणसे निघून गेली.

पाणी चढते तेव्हा

४ नोव्हेंबर १९६६ रोजी भरती १९४ सेंटिमीटरपर्यंत चढली. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७. विसाव्या शतकात कारखान्यांनी उपसलेल्या भूजलामुळे जमीन खचली, आणि समुद्र तर वाढतोच आहे. आता समुद्राच्या तीन मुखांशी तळावर ७८ पोकळ पोलादी दरवाजे बसविले आहेत. एरवी ते पाण्याने भरलेले, निजलेले असतात. मोठ्या भरतीचा इशारा मिळाला की आत हवा सोडून पाणी बाहेर काढतात आणि ते बिजागरीवर वर उठतात. पाच अब्जांहून अधिक युरो गिळणाऱ्या, भ्रष्टाचाराने डागाळलेल्या या योजनेचा ३ ऑक्टोबर २०२० रोजी प्रथमच प्रत्यक्ष भरतीत उपयोग झाला आणि चौक कोरडा राहिला. तरीही दरवाजे वारंवार मिटले तर आतील पाण्याची ये-जा थांबते, बोटी अडतात. म्हणून लहानसहान भरतीला ते उचलत नाहीत. चौक शहरातील सर्वांत सखल भाग असल्याने चर्चभोवती २०२२ मध्ये काचेची निराळी भिंत उभारावी लागली. ऑक्टोबर ते जानेवारीत जाणाऱ्याने भरतीचा अंदाज पाहावा आणि पाणी आलेच तर मांडलेल्या फळ्यांवरून, छायाचित्रांसाठी न थांबता, चालत राहावे. मागे कामावर जाणारी माणसे असतात.

खाण्याचे म्हणाल तर 'बाकारो' नावाच्या छोट्या गुत्त्यांत उभ्याने खायचे 'चिक्केत्ती' हे तुकडे स्वस्त आणि चविष्ट. बहुतेकांवर मासळी असते. शाकाहारींनी पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, किंवा भाज्यांचे प्रकार विचारून घ्यावेत. कॉफी काउंटरशी उभ्याने प्यावी, टेबलाशी बसले की दर वाढतो. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, बाटली भरून घ्यावी. चौकाच्या पायऱ्यांवर बसून डबा उघडण्यास आणि कबुतरांना दाणे टाकण्यास दंड आहे.

जुलै-ऑगस्ट आणि कार्निव्हलचे दिवस टाळून मार्च किंवा नोव्हेंबर गाठावा. पहिल्या रात्री जेवणानंतर नकाशा खिशात ठेवून कास्तेल्लोच्या पूर्वेकडे निघावे. वाळत घातलेले कपडे, खिडकीतला दूरदर्शनचा उजेड, घरी परतणाऱ्याच्या पावलांचा आवाज. मोटार नसल्याने दुसरा आवाजच नाही. वाट चुकली तर भिंतींवर 'रिआल्तो' आणि 'सान मार्को' असे बाण असतातच.