चित्र काढताना मूल काय शिकते

मूल दीड-दोन वर्षांचे झाले की हाती लागेल तो खडू किंवा पेन्सिल घेऊन फरशीवर, भिंतीवर रेघोट्या ओढू लागते. हात फिरवला की खूण उमटते आणि ती मागे राहते, हा त्याला लागलेला मोठा शोध असतो. आपल्या कृतीचा परिणाम त्याला डोळ्यांनी दिसतो आणि हवा तेव्हा पुन्हा घडवता येतो. कलेतून होणाऱ्या शिक्षणाची सुरुवात इथे होते.

पहिला लाभ हाताला मिळतो. सुरुवातीला रेघ खांद्यातून येते आणि सगळा हात फिरतो. मग कोपर, मनगट आणि शेवटी बोटे ताब्यात येतात. साधारण तिसऱ्या वर्षी मुलाला पाहून गोल काढता येतो, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह आणि पाचव्याच्या सुमारास चौकोन व त्रिकोण. देवनागरी अक्षरे गोल, अर्धगोल, उभ्या, आडव्या आणि तिरप्या रेघांचीच बनलेली असतात. म्हणून बालवाडीत अक्षरे गिरवून घेण्याची घाई करण्यापेक्षा माती मळणे, कागद फाडून चिकटवणे, भेंडीचे ठसे उमटवणे, रांगोळीचे ठिपके जोडणे यांना भरपूर वेळ दिला, तर लिहिण्यासाठी हात आपोआप तयार होतो.

दुसरा लाभ विचाराला होतो. तीन वर्षांच्या आसपास मूल आपल्याच रेघोट्यांना नावे देते : ही आई, हा पाऊस. एखादी खूण दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभी राहू शकते, हे त्याला उमगलेले असते. अक्षर आणि अंक समजण्यासाठी हीच समज लागते. पुढे डोक्यालाच पाय फुटलेली माणसे दिसू लागतात. मग येतात भिंतीआडची माणसेही दाखवणारी घरे. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्यूके यांनी १९२७ मध्ये बालचित्रांवरील पुस्तकात याचा उलगडा केला. या वयातले मूल डोळ्यांना दिसते त्यापेक्षा स्वतःला जे ठाऊक आहे ते रेखाटते. घरात माणसे असतात हे त्याला माहीत असते, म्हणून ती चित्रात येतात. अशा चित्राला चूक ठरवणे म्हणजे मुलाच्या ज्ञानालाच चूक म्हणणे.

हस्तकलेत साहित्यही शिकवते. मातीच्या हत्तीचे पाय बारीक झाले तर तो कोसळतो. मग पाय जाड करायचे की पोटाखाली आधार द्यायचा, हे मूल स्वतः ठरवते. वजन, तोल, मोजमाप आणि क्रम यांची ओळख त्याला हातांनी होते. शिवाय जे बोलता येत नाही ते चित्रातून बाहेर येते आणि चित्राविषयी सांगताना भाषा वाढते. मात्र एका काळ्या रंगावरून मुलाच्या मनाचे निदान करू नये.

कलेच्या नावावर खपणारे सगळेच दावे मात्र खरे नाहीत. अमेरिकेतील अभ्यासक एलेन विनर आणि लोइस हेटलँड यांनी २००० साली उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. चित्रकलेमुळे गणिताचे किंवा वाचनाचे गुण वाढतात, याला त्यांना भक्कम पुरावा मिळाला नाही. वर्गात गोष्टीचे नाट्यीकरण केल्याने भाषिक कौशल्ये सुधारतात, हे मात्र स्पष्ट दिसले. पुढे बोस्टन परिसरातील माध्यमिक शाळांचे कलावर्ग न्याहाळल्यावर त्यांना तिथे बारकाईने पाहणे, मनात आधी कल्पना करणे, अडले तरी चिकाटीने पुढे जाणे आणि स्वतःच्या कामाची पारख करणे या सवयी शिकवल्या जाताना दिसल्या. या सवयींसाठीच कला शाळेत हवी.

मोठ्यांच्या वागण्याने हा लाभ हरवूही शकतो. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये चित्रे काढायची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर प्रयोग केला. ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले नंतर मोकळ्या वेळी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत होती. आमिषाने मूळची ओढच कमी केली. स्पर्धा आणि बक्षिसांचा सोस असलेल्या पालकांनी हे लक्षात घ्यायला हवे. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि झोपडी असे घोटून घेतलेले चित्रही मुलाकडून निर्णय काढून घेते.

नऊ-दहाव्या वर्षानंतर मुलाला आपले चित्र खऱ्यासारखे दिसत नाही याची जाणीव होते आणि अनेकजण चित्र काढणे सोडतात. या वेळी निरीक्षण शिकवणारा शिक्षक लागतो. महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारीही समोरची वस्तू खरोखर पाहायला शिकवून केली, तरच ती उपयोगी ठरते.

कलेतून शिकण्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून शिक्षणाची साधने घडवली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० देखील इतर विषय कलेच्या जोडीने शिकवण्यावर भर देते. घरात पाठकोरे कागद, खडू, माती आणि थोडा पसारा सहन करण्याची तयारी पुरेशी आहे. मुलाने चित्र दाखवले की ‘हे काय काढलेस?’ असे दरडावू नये. ‘याविषयी सांग’ म्हणावे आणि ऐकावे. चित्र काढताना मुलाने स्वतः किती निर्णय घेतले, यावरच त्याचा लाभ ठरतो.