वसंताआधीची तहान

बागकामाची इंग्रजी पुस्तके वाचून ज्यांनी हौसेने फुलझाडे लावली, त्यांची वसंताने हमखास फसगत केली आहे. तिकडचा वसंत म्हणजे गोठलेली माती मोकळी होणे, जमिनीतून कंदांचे कोंब वर येणे. आपल्याकडचा वसंत येतो तो पायांना चटके देत! ऑक्टोबरात लावलेले फ्लॉक्स, डायंथस, पिटुनिया फेब्रुवारीअखेर माना टाकू लागतात आणि चैत्रात वाफा पार उजाड होतो. मग आपल्या वसंतात फुलायचे कोणी? मला विचाराल तर पहिला मान मोगऱ्याचा. आणि त्याच्या वाफ्याची तयारी करायची ती माघात, थंडी पुरती सरलेली नसताना. पंचांगाप्रमाणे माघ-फाल्गुन हा शिशिर. तरी वसंतपंचमी येते ती माघातच. ती तिथी मी या कामाची आठवण म्हणूनच धरते.

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत कुंपणाच्या भिंतीलगत तीन फूट रुंदीची मातीची एक पट्टी आहे. माती म्हणायची इतकेच. इमारत बांधताना उरलेला राडारोडा तिथेच पुरलेला. पहिल्या वर्षी दीड फूट खणले तेव्हा विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या आणि सिमेंटची ढेकळे घमेली भरभरून निघाली. मग दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि झुडपामागे मूठभर निंबोळी पेंड असे भरून घेतले. आज तिथे मोगऱ्याची चौदा झुडपे आहेत. काही बटमोगरा, बाकीचा साधा.

गेल्या वार्षिक सभेत या पट्टीवर पेव्हर ब्लॉक घालून स्कूटर लावाव्यात असा ठराव आला. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, त्यात ही फुलांची चैन कशाला, असा मुद्दा होता. मुद्दा खोटा नव्हता. बऱ्याच चर्चेनंतर ठराव एक वर्ष पुढे ढकलला गेला, पण टँकरचे पाणी झाडांना घालायचे नाही या अटीवर. तेव्हापासून आमचा वाफा परीक्षेला बसला आहे.

गंमत अशी, की मोगऱ्याची तयारी सुरू होते तीच पाणी बंद करण्यापासून. आमच्याकडे येणाऱ्या माळीमामांनी पहिल्याच वर्षी सांगितले होते, "वहिनी, आता पाणी तोडा. थोडा तहानू द्या त्याला." संत्र्या-डाळिंबाचे बागायतदार बहार धरताना झाडाला ताण देतात, तोच हा प्रकार. पाणी तुटले की झाडाची पालेवाढ थांबते, अन्न साठून राहते, पाने पिवळी पडून गळू लागतात. काळ्या जमिनीत याला दोन-तीन आठवडे लागतात, हलक्या मातीत कमी. कुंडीतल्या झाडाला मात्र इतका उपास सोसत नाही. तिथे चार-पाच दिवस पुरेत, तेही झाडाकडे लक्ष ठेवून.

त्यानंतर छाटणी. इथे भल्याभल्यांचा हात थरथरतो. पण मोगऱ्याला फूल येते ते नव्या फुटीवर. जुन्या फांद्यांची माया धरली तर झुडूप नुसते पसरते. धारदार कात्रीने जमिनीपासून फूट-दीड फूट ठेवून बाकी सारे उतरवायचे. वाळकी, एकमेकांत गुंतलेली काडी मुळाशी काढायची, उरलेली पाने खुडून टाकायची. झुडूप दोन आठवडे केविलवाणे दिसते. आमच्या शेजारच्या काकूंनी तर "अगं, मारलंस की काय त्यांना?" असे विचारले होते.

छाटल्यावर आळे खुरप्याने हलकेच मोकळे करावे. मुळे दुखावतील इतके खोल जाऊ नये. तीन-चार दिवस ऊन खाऊ द्यावे, मग घमेलेभर शेणखत किंवा गांडूळखत मिसळून पहिले पाणी द्यावे, तेही बेताने. आणि वर आच्छादन. याच दिवसांत रस्तोरस्ती पानगळीचे ढीग पेटवलेले दिसतात, तेव्हा माझा जीव तुटतो. गणिताचे अध्यापन करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'तून पालापाचोळ्याचीच सकस माती कशी करायची हे घरोघरच्या लोकांना शिकवले. आम्ही मात्र अजून काडी ओढतो! तीन-चार बोटे जाडीचा पाचोळा आळ्यात पसरला की खालची माती भर एप्रिलातही ओलसर राहते.

पाण्याचा हिशेब मी लिहून ठेवला आहे. आच्छादन असले की झुडपाला एक दिवसाआड अर्धी बादली पुरते. म्हणजे चौदा झुडपांना सात बादल्या. चार घरांतले तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी जिन्याखालच्या पिंपात जमा होते, त्यात हे भागते. साबणाचे पाणी त्यात घालायचे नाही. फिल्टरमधून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार जास्त, म्हणून तेही रोज त्याच झुडपाला नको. पाणी सूर्य कलल्यावर घालावे. नळी लावून मोटार धुणाऱ्यांना हा हिशेब सांगायची सोय नाही, ते सोडा.

पट्टीच्या टोकाला जागा उरते तिथे झिनिया आणि कॉसमॉसचे बी टाकले आहे. उन्हाळा सोसणारी माणसे ती! शेवंतीची फुले संपली की झाड खाली कापून काश्या सावलीत जपायच्या. गुलाबाला मात्र आता जोराची कात्री लावू नये. त्याची छाटणी पावसाळा संपल्यावरची.

फाल्गुनात कोवळी फूट दिसू लागली की शेंड्यांवर मावा आणि पिठ्या ढेकूण येतात. सकाळी पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढले तर बहुधा औषधाची गरज पडत नाही. चैत्राच्या सुरुवातीला कळ्या धरतात. त्या मिटलेल्या असतानाच दिवेलागणीच्या आधी खुडाव्या, म्हणजे रात्री गजऱ्यात उमलतात. चैत्रगौरीचे हळदीकुंकू आमच्याकडे खाली वाहनतळातच होते. कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि परातभर कळ्या. यंदा सभा त्यानंतरच्या रविवारी आहे. पेव्हर ब्लॉकसाठी ज्यांनी हात वर केले होते, त्यांच्याही घरी ओंजळभर कळ्या पाठवायच्या असे आम्ही ठरवले आहे.