हरल्यानंतरचा सामना



एरवी खत, बियाणे, कीड-रोग असे काहीतरी घेऊन तुमच्यापुढे येणारा हा शेतीखात्याचा माणूस आज हॉकीचे काय घेऊन बसला, असे तुम्हाला वाटेल. आपल्याकडे पोराटोरांच्या हाती बॅट दिसते, तालमीत कुस्ती दिसते. हॉकीची स्टिक मात्र कितीतरी गावांनी पाहिलेलीही नसेल. पण मी शेतकी कॉलेजात असताना चार वर्षे हॉकी खेळलो. मोठा खेळाडू नव्हतो, पण जो नाद लागला तो पन्नाशी उलटली तरी सुटलेला नाही. त्या नादापायी माझ्या हातून एक चूक झाली आणि ती कळलीही त्याच नादामुळे. ती गोष्ट आज सांगायची आहे.

आधी खेळाची रीत सांगतो. ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सामने दोन टप्प्यांत होतात. पहिला टप्पा साखळीचा. त्यात एखादा सामना गमावला तरी पुढच्या सामन्यात भरून काढता येते. दुसरा टप्पा बाद फेरीचा. तिथे आठ संघ उरतात. उपांत्यपूर्व सामना हरला तो घरी जातो. उपांत्य सामना हरला त्याचे सुवर्णपदक जाते, पण त्याला आणखी एक सामना खेळावा लागतो, तो कांस्यपदकाचा. अंग दमलेले, तोंड उतरलेले, मध्ये जेमतेम एक दिवसाची विश्रांती, आणि समोर तसाच हरून आलेला, तसाच चिडलेला दुसरा संघ. माझ्या मते खेळाडूची खरी परीक्षा या सामन्यात होते.

मी टीव्ही बंद केला

साल २०२१. कोरोनामुळे वर्षभर पुढे गेलेले टोकियो ऑलिंपिक चालू होते. हॉकीत आपण आठ सुवर्णपदके मिळवलेला देश. पण १९८० च्या मॉस्कोनंतर एकही पदक नव्हते. २००८ साली तर आपला संघ ऑलिंपिकला पात्रही ठरला नाही आणि २०१२ साली लंडनला शेवटचा, बारावा आला. टोकियोतही साखळीत ऑस्ट्रेलियाने आपल्याला ७-१ असे झोडपले होते. तरी संघ सावरला, उपांत्यपूर्व सामन्यात ब्रिटनला ३-१ ने हरवून पुढे गेला. ३ ऑगस्टला उपांत्य सामन्यात बेल्जियमविरुद्ध आठव्या मिनिटाला आपण २-१ ने पुढे होतो. शेवटी ५-२ ने हरलो.

५ ऑगस्टला सकाळी सातला जर्मनीशी कांस्यपदकाचा सामना होता. दुसऱ्याच मिनिटाला जर्मनीचा गोल झाला. सिमरनजितसिंगने बरोबरी केली, तर २४ व्या आणि २५ व्या मिनिटाला जर्मनीने लागोपाठ दोन गोल केले. ३-१. मी म्हटले, संपले. टीव्ही बंद केला, मोटारसायकलला किक मारली आणि शिवारफेरीला निघालो.

गावात शिरतो तो चावडीपाशी हा घोळका! पोरे नाचत होती. "साहेब, तुम्ही बघितलं नाही? आपण जिंकलो की!" मी टीव्ही बंद केल्यापासून खेळाच्या नऊ मिनिटांत आपल्या संघाने चार गोल केले होते. २७ व्या मिनिटाला हार्दिकसिंग, २९ व्याला हरमनप्रीतसिंग, ३१ व्याला रूपिंदरपालसिंग आणि ३४ व्याला पुन्हा सिमरनजित. ३-१ चे ३-५ झाले. मग जर्मनीने एक गोल फेडला आणि सामना संपायला सहा-सात सेकंद उरले असताना त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. गोलरक्षक श्रीजेशने तो अडवला. ४१ वर्षांनी पदक आले आणि तीस वर्षे वाट पाहणारा हा हॉकीवेडा त्या वेळी रस्त्यात गचके खात होता.

ज्या दारावरून वाट वाकडी केली

आता दुसरी चूक सांगतो. ती पहिलीपेक्षा मोठी.

त्याच वर्षी जूनच्या सुरुवातीला पाऊस बरा झाला. आम्ही नेहमी सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. तालुक्याच्या आकड्यावर पाऊस पुरेसा दिसत होता. गावच्या बैठकीत मी म्हणालो, "वापसा आहे, पेरायला हरकत नाही." पण तालुक्याला पडला तेवढा त्या शिवारात पडलाच नव्हता. मी बांधावर जाऊन ओल किती खोल गेली ते उकरून पाहिले नव्हते. पुढे पावसाने ओढ दिली. काहीजणांचे साधले, पण एका घरचे चार एकर उगवलेच नाही. माझ्या शब्दावर सर्वांत आधी तिफण धरली होती ती त्याच घराने. दुबार पेरणी झाली. बियाणे, खत, मजुरी सगळे दुप्पट.

त्यानंतर महिनाभर मी त्या घरावरून गेलो नाही. गावात जायचे तर पलीकडच्या गल्लीतून जायचो. कोणत्या तोंडाने जावे?

त्या दिवशी चावडीवर पोरांचा जल्लोष पाहताना माझ्या मनात आले, की मी टीव्ही बंद केला आणि हे दारही तसेच बंद केले. हरलेला संघ मैदानात उभा होता, मीच उठून गेलो. हे घर तर अजून राबत होते. मोटारसायकल वळवली आणि त्यांच्या अंगणात नेऊन उभी केली.

दादा ओसरीवर बसले होते. रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, "या साहेब. लई दिवसांनी वाट चुकला." वहिनींनी चहा टाकला. मी चूक कबूल केली. दादा म्हणाले, "चुकलं ते चुकलं. पण तुम्ही यायचे बंद झालात, ते जास्त लागलं."

त्या दिवशी आम्ही दुबार पीक पाहिले आणि रब्बीचा विचार केला. सोयाबीन निघताच ओलीवर हरभरा, बियाण्याला ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम चोळून. खरे सांगायचे तर हरभऱ्याने दुबार पेरणीचा खर्च पूर्ण भरून निघाला नाही. पण कृषी सेवा केंद्राची उधारी फिटली आणि पुढच्या पेरणीला घरचे बी राहिले.

दहाजणांची इर्जिक

म्हणून २०२४ साली पॅरिस ऑलिंपिक आले तेव्हा दादांच्याच ओसरीवर सामना पाहायचे ठरले. ४ ऑगस्ट, रविवार, दिव्याची अवस. वहिनी कणकेचे दिवे उकडत होत्या. दुपारी दीडला ब्रिटनशी उपांत्यपूर्व सामना सुरू झाला.

सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासची स्टिक ब्रिटनच्या खेळाडूच्या चेहऱ्याला लागली. मुद्दाम मारली की चुकून लागली यावर पुढे पुष्कळ वाद झाला. पंचांनी लाल कार्ड दाखवले. हॉकीत हिरवे कार्ड म्हणजे दोन मिनिटे बाहेर, पिवळे म्हणजे निदान पाच मिनिटे, आणि लाल म्हणजे सामन्यातून हकालपट्टी.

वहिनींनी विचारले, "मग बदली माणूस घ्यायचा की!"

"नाही घेता येत वहिनी. आता उरलेली त्रेचाळीस मिनिटं दहाजणांनीच खेळायचं."

"म्हणजे इर्जिकच म्हणायची," वहिनी म्हणाल्या. "अकराव्याचं रान सगळ्यांनी मिळून काढायचं."

इतका चपखल शब्द मला वर्तमानपत्रात कुठे वाचायला मिळाला नाही. ओडिशातल्या सुंदरगड जिल्ह्यातला हा रोहिदास आपल्या बचावाचा मोठा आधार होता. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी चेंडूवर सर्वांत आधी धावून जाणारा तोच. तो गेल्यावर आघाडीचे खेळाडू मागे आले आणि मधली फळी दाटीने उभी राहिली. तशातही २२ व्या मिनिटाला हरमनप्रीतने गोल केला. २७ व्या मिनिटाला ब्रिटनने बरोबरी केली. त्यानंतर ब्रिटनचे हल्ल्यावर हल्ले आले, पण दुसरा गोल त्यांना करता आला नाही.

सामना १-१ राहिला आणि शूटआउटवर गेला. यात एकटा खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो. समोर एकटा गोलरक्षक. आठ सेकंदांत गोल करायचा. प्रत्येक संघाला अशा पाच संधी. हरमनप्रीत, सुखजित, ललित आणि राजकुमार पाल या आपल्या चौघांनी चारही गोल केले. ब्रिटनचे पहिले दोन झाले, तिसऱ्याचा नेम चुकला, चौथा श्रीजेशने अडवला. ४-२! दादांनी मांडीवर अशी थाप मारली की ओसरीवरचे मांजर पळाले.

जर्मनी, आणि मधला एक दिवस

६ ऑगस्टला रात्री साडेदहाला जर्मनीशी उपांत्य सामना होता. रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली होती, त्यामुळे सोळांऐवजी पंधराच खेळाडू हाताशी होते. सातव्या मिनिटाला हरमनप्रीतने गोल करून सुरुवात छान केली. पण मध्यंतरापर्यंत जर्मनी २-१ ने पुढे. सुखजितने बरोबरी केली आणि ५४ व्या मिनिटाला जर्मनीने तिसरा गोल मारला. पेनल्टी कॉर्नर आपल्याला मिळत होते, पण त्यांचे गोल पुरेसे झाले नाहीत. ३-२ ने हरलो. मध्यरात्र उलटली होती. मी शेवटच्या शिट्टीपर्यंत बसलो.

दुसऱ्या दिवशी त्या पोरांनी काय केले असेल, याचा मी विचार करत होतो. सुवर्णपदक गेले होते, आणि एका दिवसात पुन्हा उभे राहायचे होते. आपल्या खरिपात आणि रब्बीत निदान काही आठवडे तरी जातात.

८ ऑगस्ट, नागपंचमीची आदली संध्याकाळ. साडेपाचला स्पेनशी सामना. अठराव्या मिनिटाला स्पेनने पेनल्टी स्ट्रोकवर गोल केला. दादांनी माझ्याकडे पाहिले आणि मिस्कीलपणे म्हणाले, "काय साहेब, बंद करू का?"

"हात लावू नका!" मी ओरडलो.

तिसाव्या मिनिटाला, मध्यंतराच्या तोंडावर, आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला. यात मैदानाच्या मागच्या रेषेवरून चेंडू बाहेर ढकलतात, एकजण तो अडवतो आणि दुसरा मनगटाच्या जोरावर गोलात भिरकावतो. हरमनप्रीतने तो नेमका गोलात घातला. मध्यंतरानंतर ३३ व्या मिनिटाला पुन्हा तसाच. २-१. शेवटच्या मिनिटात स्पेनने जिवाचे रान केले, पण श्रीजेश उभा होता. १९६८ आणि १९७२ नंतर प्रथमच आपण लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये हॉकीचे पदक मिळवले.

हा हरमनप्रीत अमृतसर जिल्ह्यातल्या तिम्मोवाल गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणी घरचा ट्रॅक्टर चालवणारा. त्या स्पर्धेत सर्वांत जास्त म्हणजे दहा गोल त्याचेच. श्रीजेशही केरळातल्या शेतकऱ्याचा मुलगा. गोलरक्षकाचे साहित्य घेण्यासाठी वडिलांनी गाय विकली, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. दावणीची गाय सोडून देताना घरात काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. स्पेनविरुद्धचा तो सामना त्याचा शेवटचा ठरला.

पदक मिळाले नाही तेव्हा

पण नुसती जिंकल्याची गोष्ट सांगितली तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. टोकियोत आपल्या मुलींचा संघही बाद फेरीत गेला होता. ऑस्ट्रेलियाला त्यांनी १-० ने हरवले, गोल गुरजित कौरचा. उपांत्य सामना अर्जेंटिनाशी २-१ ने गेला. कांस्यपदकासाठी ६ ऑगस्ट २०२१ रोजी ब्रिटनशी खेळताना ०-२ ने मागे पडून त्यांनी तीन गोल केले, पुढे गेल्या, आणि तरीही ४-३ ने हरल्या. मैदानावर मुली रडत होत्या. पुढे पॅरिसला हा संघ पात्रही ठरला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मात्र बिहारमधल्या राजगीरला चीनला १-० ने हरवून त्यांनी आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकला.

म्हणजे हरल्यानंतर उठून खेळले की पदक मिळतेच, असे नाही. हरभरा पेरला की खरिपाचा तोटा भरून निघतोच, असेही नाही. कधी घाटे अळी लागते, कधी ऐन घाट्यात गारपीट होते. मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. पण पुढचा सामना असतो, आणि तो खेळणाऱ्याला कोणीतरी पाहणारे लागते, एवढे मात्र मी शिकलो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, यंदाही तुमच्या गावात कोणाचे तरी शेत बसले असेल. कोणाची उगवण फसली असेल, कोणाचे पाण्याने गेले असेल. त्याला उपदेश करायला जाऊ नका, तो आम्हा सरकारी माणसांकडे भरपूर आहे. संध्याकाळी सहज त्याच्या ओसरीवर जाऊन बसा. रब्बीला काय घेणार म्हणून विचारा. तिफण लागत असेल तर द्या, बी जास्त असेल तर पायलीभर द्या. सावड आणि इर्जिक हे शब्द आपल्याच मातीतले आहेत, ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच राहू देऊ नका.

आणि माझ्यासारखा एखादा साहेब चुकीचा सल्ला देऊन तोंड चुकवत फिरत असेल, तर त्यालाही हाक मारून चहाला बोलवा. तो येईल. मी गेलो होतो.