हरवलेल्या तबकडीची साक्ष

सुरुवातीलाच एक कोडे घालतो. ग्रामोफोनच्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर खाचा किती असतात? शंभर? पाचशे? हजार? बहुतेक जण असेच काहीतरी उत्तर देतात. खरे उत्तर आहे, फक्त एक! बाहेरच्या कडेपासून निघून गोल गोल फिरत मधल्या कागदी चकतीपर्यंत जाणारी ती एकच सलग खाच असते.

या एका खाचेत काय लपून राहू शकते आणि किती वर्षांनी ती बोलू लागते, याची एक खरी गोष्ट आज पाहू. गोष्ट संगीताची आहे. पण तिच्यात पदार्थविज्ञान आहे, आणि पुरावा कसा तपासावा याचा धडाही आहे.

दिल्लीतले दुकान

एडो बाउमन हे हॉलंडमधले एक तबकडी-संग्राहक. हिंदी चित्रपटसंगीताची त्यांना विशेष आवड. २००२ साली दिल्लीत जुन्या तबकड्या धुंडाळताना त्यांच्या हाती एक अनोळखी तबकडी आली. नाव होते 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट'. म्हणजे डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग! वादक चरणजित सिंग. तबकडी एच.एम.व्ही.ची, १९८२ सालची.

चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वादक. राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांच्या वाद्यवृंदात ते गिटार आणि विजेवर चालणारी वाद्ये वाजवीत. अशा वादकांचे वादन साऱ्या देशाने ऐकलेले असते, पण त्यांची नावे फार थोड्यांना ठाऊक असतात. १९८२ साली त्यांनी स्वतःच्या नावाने एक वेगळाच प्रयोग केला. भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस, मेघमल्हार असे दहा राग त्यांनी तीन जपानी यंत्रांवर वाजवले. तबकडी बाजारात चालली नाही आणि लोक तिला विसरून गेले.

बाउमन यांनी ती ऐकली आणि ते चकित झाले. कारण हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. अमेरिकेतील शिकागो शहरात १९८७ साली 'फ्युचर' नावाच्या तरुण मंडळींच्या गटाने 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी काढली होती. तिच्यातून 'अ‍ॅसिड हाउस' हा नृत्यसंगीताचा नवा प्रकार जन्माला आला, असे सारे जग मानत होते. मग त्याच वळणाचा आवाज पाच वर्षे आधी मुंबईत कसा?

तीन यंत्रे

याचे उत्तर मिळवण्यासाठी आधी ती यंत्रे पाहू. तिन्ही जपानच्या रोलंड कंपनीची. ज्युपिटर-८ हा पट्ट्या असलेला सिंथेसायझर. त्यावर रागाची सुरावट वाजे. टीआर-८०८ हे ठेका देणारे यंत्र. आणि तिसरे टीबी-३०३ नावाचे, पुस्तकाएवढे चंदेरी खोके. खालच्या पट्टीतील स्वरांची साथ पुरवणे हे त्याचे काम.

सिंथेसायझरमध्ये तार नसते, पडदा नसतो, हवेचा भाताही नसतो. विजेचा दाब ठरावीक गतीने वरखाली होतो आणि ध्वनिक्षेपक त्याचा आवाज करतो. दाब सेकंदाला ४४० वेळा वरखाली झाला, की ४४० वारंवारतेचा स्वर ऐकू येतो. स्वर उंच करायचा, तर यंत्राला नियंत्रणासाठी दिलेला व्होल्टेज वाढवायचा. या प्रकारच्या यंत्रांत बहुधा एक व्होल्ट वाढवला, की स्वर एक सप्तक वर जातो, म्हणजे वारंवारता दुप्पट होते.

आता गंमत पाहा. हा व्होल्टेज एकदम न वाढवता हळूहळू वाढवला तर? स्वर उडी न मारता घसरत वर जाईल. एका स्वरावरून दुसऱ्यावर असे न तुटता जाणे, याला आपल्या संगीतात मींड म्हणतात. पेटीवर मींड निघत नाही, कारण पेटीचा प्रत्येक स्वर वेगळ्या पट्टीला जखडलेला असतो. टीबी-३०३ मध्ये मात्र घसरणीची खास सोय होती. व्होल्टेज एका धारित्रात भरत भरत वाढे, आणि स्वर त्याच्यामागून वाहत जाई.

या खोक्यात दुसरीही एक युक्ती होती. मूळ कंपनात अनेक उंच स्वर मिसळलेले असतात. एक विद्युत-चाळणी त्यांतले वरचे स्वर अडवते आणि खालचे जाऊ देते. चाळणी कोठे लावायची, हे एका खुंटीने ठरवता येते. चाळणीच्या कडेजवळचे स्वर मुद्दाम फुगवताही येतात. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला, की झोका उंच जातो ना? तसेच हे अनुस्पंदन. त्यामुळे आवाजाला ओला, चिवचिवणारा, रबरासारखा ताणलेला असा विलक्षण रंग चढतो.

खरे तर टीबी-३०३ बाजारात सपशेल पडले. एकट्या वादकाला साथ देण्यासाठी ते केले होते. पण खऱ्या बास गिटारसारखे ते वाजेना. १९८४ साली त्याचे उत्पादन बंद झाले आणि ही यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. शिकागोच्या तरुणांच्या हाती पडले ते असेच एक यंत्र. त्यांनी वाजता वाजता त्याच्या खुंट्या मनसोक्त फिरवल्या, आणि अ‍ॅसिड हाउस जन्मला!

साक्षीदार कोण?

बाउमन यांनी चरणजित सिंग यांना मुंबईत शोधून काढले आणि २०१० साली ती तबकडी पुन्हा प्रकाशित केली. देशोदेशी तिची चर्चा झाली. पण काही जणांना शंका आली. हे १९८२ चे असणे शक्यच नाही. आजच्याच कोणा संगीतकाराने केलेली ही थट्टा असावी, असे ते म्हणू लागले.

मित्रांनो, अशी शंका घेणे वाईट नाही. विज्ञानात तर ती घेतलीच पाहिजे. मात्र शंका घेतल्यावर तिथेच न थांबता पुरावा तपासायला हवा. या बाबतीत तो कोणता?

पहिला पुरावा यंत्रांचा. ती तिन्ही १९८२ साली अस्तित्वात होती काय? होय, होती. टीआर-८०८ तर १९८० सालचे. म्हणजे गोष्ट शक्य कोटीतली ठरली. पण शक्य म्हणजे सिद्ध नव्हे. दुसरा पुरावा मूळ तबकडीचा. नवी आवृत्ती आज कोणीही काढील. पण त्या काळच्या कारखान्यात दाबलेली, कंपनीची चकती आणि क्रमांक असलेली, त्या काळच्या छपाईच्या वेष्टनातली जुनी तबकडी आज बनवणे फार कठीण. अशा मूळ प्रती संग्राहकांकडे होत्या. आणि तिसरा पुरावा म्हणजे स्वतः वादक. चरणजित सिंग हयात होते. पुढे सत्तरी ओलांडलेल्या या वादकाने युरोपातल्या रंगमंचांवर तेच राग पुन्हा वाजवून दाखवले. तीस वर्षांपूर्वी न मिळालेली दाद त्यांना तेव्हा मिळाली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. तबकडी आणखी काही वर्षे धूळ खात पडली असती, तर ही दाद त्यांच्या कानी कधीच पडली नसती.

खाच विसरत नाही

इतकी वर्षे पडून राहिलेली तबकडी पुन्हा वाजते तरी कशी? कारण तिच्यात आवाज आकाराच्या रूपाने साठवलेला असतो. हवेच्या कंपनांप्रमाणेच खाचेच्या भिंती नागमोडी कोरलेल्या असतात. सुई खाचेतून जाताना तशीच हलते, तिच्या हालचालीतून वीज निर्माण होते आणि तिचा पुन्हा आवाज होतो. खाचेच्या दोन भिंतींवर डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळे आवाज कोरता येतात. जोवर आकार शाबूत, तोवर आवाज शाबूत.

थोडे गणित करू. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. एक बाजू २० मिनिटे वाजली, तर फेरे झाले सुमारे ६६७. खाचेची बाहेरची त्रिज्या १४.६ सेंटिमीटर आणि आतली ६ सेंटिमीटर धरली, तर सरासरी त्रिज्या १०.३ सेंटिमीटर. म्हणजे सरासरी एका फेऱ्याची लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर. दोहोंचा गुणाकार केला, तर खाचेची लांबी भरते जवळजवळ ४३० मीटर! धावण्याच्या शर्यतीच्या मैदानाला एक फेरी मारूनही ती थोडी उरेल.

आणखी एक गोष्ट ताडून पाहा. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या टोकाला केवळ २१ सेंटिमीटर. म्हणजे आत तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरावा लागतो. म्हणूनच शेवटच्या गाण्यातले उंच स्वर किंचित बोथट ऐकू येतात.

आकार टिकला की आवाज टिकतो, याचे नवल वाटावे असे उदाहरण २००८ सालचे आहे. फ्रान्समधील स्कॉत द मार्तिनव्हिल यांनी १८६० साली काजळी लावलेल्या कागदावर गाण्याच्या कंपनांच्या रेघा उमटवल्या होत्या. त्या परत वाजवता येतील, हे त्यांच्या मनातही नव्हते. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी त्या रेघांचे सूक्ष्म चित्र घेऊन संगणकाच्या साहाय्याने त्यांतून ते गाणे पुन्हा ऐकवले!

पहिला कोण?

मग अ‍ॅसिड हाउसचे जनक चरणजित सिंगच, असे म्हणायचे काय? वर्तमानपत्रांतून तसे मथळे आले खरे. पण इथे सावध राहिले पाहिजे. आधी घडलेली गोष्ट नंतरच्या गोष्टीचे कारण असेलच, असे नाही. मुंबईत न खपलेली ही तबकडी शिकागोच्या तरुणांनी ऐकली होती, असा पुरावा नाही. दोन्हीकडे एकच यंत्र होते, आणि त्याने ठरवून दिलेल्या कामापेक्षा वेगळे काही त्याच्याकडून करून घेण्याची जिद्द दोन्हीकडे होती. साम्याचे कारण समजायला एवढे पुरे आहे.

विज्ञानाच्या इतिहासात असे अनेकदा घडले आहे. ऑक्सिजन शेले यांनी स्वीडनमध्ये आणि प्रीस्टली यांनी इंग्लंडमध्ये वेगवेगळा शोधला. शेले यांनी तो आधी मिळवला. पण त्यांचे पुस्तक छापायला उशीर झाला. न प्रसिद्ध झालेला शोध आणि न ऐकली गेलेली तबकडी यांची गत एकच. चरणजित सिंग यांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. कोणाचे जनक न ठरताही, ज्या वाटेने कोणी गेले नव्हते त्या वाटेने ते एकटे चालून गेले, हे पुरेसे मोठे आहे.

तुमच्या घरातला माळा

१९८० नंतरच्या दशकात स्वस्त आणि सुटसुटीत कॅसेटी घरोघर आल्या आणि तबकड्यांचे दिवस सरले. थोड्या प्रती निघालेल्या कितीतरी तबकड्या माळ्यावर गेल्या, तेथून भंगारात. मुंबईच्या चोरबाजारात आजही संग्राहक त्या शोधत हिंडतात. तुम्हालाही एखादी सापडेल. तेव्हा एवढे करा :

१. तबकडी कडेला आणि मधल्या चकतीला धरून उचला. खाचांना बोट लावू नका. बोटाच्या तेलकटपणावर धूळ बसते.

२. ती उभी ठेवा. उन्हात किंवा आडवी थप्पी करून ठेवल्यास ती वाकडी होते.

३. धूळ मऊ कापडाने, खाचेच्या दिशेने पुसा. जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या असतात. त्यांना स्पिरिट लावू नका. लाख त्यात विरघळते.

४. चकतीवरचे साल, क्रमांक आणि वादकांची नावे वहीत उतरवा. खाच संपते तिथे, चकतीलगतच्या गुळगुळीत भागावर बारीक अक्षरात काही कोरलेले असते. ती त्या साच्याची खूण. भिंगातून ती वाचून तीही नोंदवा.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. पूर्ण खराब झालेली एखादी तबकडी वर्गात आणावी. जाड कागदाचा शंकू करून त्याच्या टोकात शिवणाची सुई बसवावी आणि फिरत्या तबकडीच्या खाचेत ती अलगद टेकवावी. वीज नाही, यंत्र नाही, तरी शंकूतून आवाज येईल. चांगल्या तबकडीवर मात्र हा प्रयोग करू नये. सुईने खाच कायमची ओरखडली जाते.

आणि हो, वहीत नोंद करताना आजोबांना किंवा शेजारच्या काकांना एक प्रश्न अवश्य विचारा : "ही कोणी वाजवली आहे, तुम्हाला आठवते का?" खाच आवाज सांभाळून ठेवते, पण तो आवाज कोणाचा हे सांगणारी माणसे कायम असत नाहीत. त्यांना विचारायची वेळ आजच आहे.